नागरिकशास्त्राचा तास ग्रामसभेत घ्या

सहावीत स्थानिक शासनाचा धडा आला की मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावची पोरं थेट ग्रामसभेला नेतो. हे प्रत्येक शाळेत सक्तीचं व्हायलाच हवं.

सरपंचांना मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या, पालकांची संमती घ्या. २ ऑक्टोबरची सभा बरी; १ मेच्या उन्हात खानदेशात पोरं बसवू नयेत.

सभेची नोटीस लागली की ती वहीत उतरवून घ्या. मग घरून एकच प्रश्न आणायला सांगा. ‘आमनी गल्लीम्हा पानी काबर येत नही?’ असा अहिराणीतच लिहू द्या, खोडू नका. पोराचा खरा प्रश्न घरच्याच बोलीत येतो. मतदान १८ नंतर, म्हणून प्रश्न पालकांनी विचारायचा. पोरांनी मागे बसून सह्या मोजायच्या: गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी संख्या लागते. उत्तर काय मिळालं, ठराव लिहिला का, तेही टिपायचं.

उत्तर टाळलं गेलं, तर नववी-दहावीच्या पोरांकडून माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्या. सही पालकांची, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि पोच घ्यायचीच. उत्तराची ३० दिवसांची मुदत संपते ती तारीख वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा.