रिगवर नवीन चाललाय? मशिनरीच्या आधी माणसं समजून घ्या

परदेशात ऑफशोअर रिगवर पहिल्यांदा निघालेली मुलं मला विचारतात ते बोसिएट (ऑफशोअरला जायच्या आधीचं सेफ्टी आणि इमर्जन्सीचं) ट्रेनिंगबद्दल, हेलिकॉप्टर पाण्यात उलटं झालं तर बाहेर कसं पडायचं, मेडिकल, रोटेशन, पगार. हे सगळं सांगणारे भरपूर आहेत. पण पहिल्याच वर्षात परत पाठवलेली जी मुलं मी बघितली त्यातली काम जमलं नाही म्हणून परत गेलेली फार थोडी, बाकीची माणसांशी कुठेतरी बिनसलं म्हणून गेली. मी रोस्टाबाउट (डेकवरचा कामगार) म्हणून चढलो, फ्लोअरमन, डेरिकमन, असिस्टंट ड्रिलर असं करत आज टूलपुशर (ड्रिलरच्या वरचा, ड्रिलिंग क्रूचा साहेब) आहे, म्हणजे भांडणात एक बाजू असणं पण बघितलंय आणि दोघांना ऑफिसात बसवून भांडण मिटवणं पण रोजचंच आहे. त्यातलं जे पहिल्या हिचच्या (रिगवरच्या एका फेरीच्या) आधी मला कुणी सांगायला हवं होतं ते लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, रिगवर शे-दीडशे माणसं एकाच मेसमध्ये जेवतात पण सगळी एका कंपनीची नसतात. रिग ड्रिलिंग कॉन्ट्रॅक्टरची, विहीर ऑइल कंपनीची. सिमेंटवाले, मड लॉगर, आरओव्हीवाले (पाण्याखालचा रोबोट चालवणारे), केसिंग क्रू हे सगळे थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या सर्व्हिस कंपन्यांचे, कॅटरिंग अजून वेगळं. ऑइल कंपनीचा जो प्रतिनिधी रिगवर बसतो तो कंपनी मॅन. तो तुमचा पगार देत नाही, तुमच्या लाइनमध्ये तुमचा साहेबही नाही, पण रिगचं भाडं त्याच्या कंपनीकडून येतं आणि ते दिवसाच्या हिशोबाने येतं. आपलं इक्विपमेंट बंद पडलं की ठरावीक वेळेनंतर तो रेट कमी होतो नाहीतर शून्य होतो. म्हणून टॉप ड्राइव्ह (पाइप फिरवणारं मशीन) अडकला की किनाऱ्यावरून रिग मॅनेजरचा फोन, मग ओआयएमचा (रिगवरच्या सगळ्यात वरच्या मॅनेजरचा) चेहरा बदलतो, मग टूलपुशर डॉगहाउसमध्ये (फ्लोअरवरच्या ड्रिलरच्या खोलीत) येऊन उभा राहतो, मग ड्रिलर ओरडतो, आणि ते ओरडणं शेवटी तुमच्या कानावर येतं कारण तुमच्या खाली कुणीच नसतं. हे कळलं म्हणून ओरडणं योग्य ठरत नाही, पण निदान ते मनाला लावून घेऊन रात्रभर तळमळायची वेळ येत नाही.

यातून नवीन मुलाची पहिली अडचण ठरलेली असते. तुम्ही डेकवर काही करताय आणि कंपनी मॅन किंवा एखादा सर्व्हिसवाला थेट येऊन सांगतो हे सोड, आधी ते कर. नाही म्हणायची भीती वाटते, केलं तर ड्रिलर विचारतो तुला कुणी सांगितलं. अशा वेळी एकच उत्तर पाठ करून ठेवा, "ओके सर, माझ्या ड्रिलरला सांगतो आणि करतो", आणि तिथेच, त्याच्यासमोर रेडिओवर सांगा. चांगला कंपनी मॅन यावर कधी चिडत नाही. जो चिडतो त्याच्याशी बोलायचं काम टूलपुशरचं, तुमचं नाही.

हुकूम कुणाचा हा प्रश्न छोटा वाटतो, नाहीये. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनवर स्फोट झाला, ११ माणसं गेली. ती रिग विहिरीवर असताना ओआयएमच्या ताब्यात आणि हलताना किंवा इमर्जन्सीत कॅप्टनच्या ताब्यात अशी व्यवस्था होती, आणि त्या रात्री रिग विहिरीपासून सोडवायचा आदेश नक्की कुणी द्यायचा यावर ब्रिजवर गोंधळ झाल्याचं चौकशीत आलं. तुमच्या रिगवर चढलात की पहिल्या दिवसाच्या इंडक्शनमध्ये विचारा, इमर्जन्सीत इन्चार्ज कोण. विचारल्याबद्दल कुणी वेड्यात काढत नाही.

आता हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्याला काम सोपवणं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण रिगवरची निम्मी भांडणं इथे जन्मतात, आणि मी स्वतः इथे चुकलोय. मी फ्लोअरवर असताना माझ्यासमोरच्या शिफ्टचा जो माणूस होता त्याच्याशी माझं बोलणं बंद होतं. कारण विचाराल तर काहीच नाही, तो नेहमी पाच-सात मिनिटं उशिरा यायचा आणि फ्लोअर न धुता सोडायचा, मी एकदा सगळ्यांसमोर बोललो, त्याने उलट उत्तर दिलं, झालं. एका सकाळी मला टगरच्या (लोड उचलायच्या छोट्या विंचच्या) वायरवर दोन-तीन तारा तुटलेल्या दिसल्या. शिफ्ट संपत आलेली, मी वहीत "टगर वायर चेक करा" इतकंच लिहिलं आणि त्याच्याकडे न बघता खाली गेलो. त्याने वही वाचलीच नाही, कारण तोही माझं लिहिलेलं वाचायच्या मूडमध्ये नव्हता. दुपारी त्याच वायरवर लोड घेतला, वायर तुटली, लोड फ्लोअरवर आला. खाली कुणी नव्हतं म्हणून कुणाला लागलं नाही. मी झोपेत होतो, उठवून ऑफिसात नेलं, आणि टूलपुशरने मला फक्त एवढंच विचारलं की टगरला 'वापरू नका'चा टॅग का नाही लावलास. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं मित्र झालो असं काही नाही, पण हँडओव्हर तोंडासमोर उभं राहून, बोट दाखवून, इक्विपमेंटजवळ जाऊन द्यायला लागलो.

पाइपर अल्फा तर ड्रिलिंग रिग नव्हती, उत्तर समुद्रातला प्रॉडक्शन प्लॅटफॉर्म होता, पण तिथे ६ जुलै १९८८ ला काय झालं ते प्रत्येक नवीन माणसाने वाचावं. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवला होता, ही गोष्ट रात्रीच्या शिफ्टपर्यंत नीट पोचली नाही, दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी तोच पंप सुरू केला. १६७ माणसं गेली. तिथे भांडण होतं असं मी म्हणत नाहीये, पण परमिट (कामाची लेखी परवानगी) आणि हँडओव्हरमध्ये एक गोष्ट सुटली की काय होतं हे त्यातून कळतं, आणि ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे त्याला सांगताना गोष्टी सुटतातच.

तेव्हा बोलणं बंद करू नका. मैत्री नको, गप्पा नको, पण कामाचं बोलणं चालू पाहिजे.

आपल्या मुलांची अजून एक सवय म्हणजे न समजता हो म्हणणं. रिगवर इंग्लिश चालतं पण त्याचे उच्चार दहा प्रकारचे, वर मड पंपांचा आवाज, कानात प्लग. ड्रिलर काहीतरी बोलला, आपल्याला अर्धं कळलं, दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, आपण मान हलवली. आणि आपली ती डावी-उजवीकडे डुलणारी मान समोरच्याला हो वाटते की नाही हे त्यालाच कळत नाही, मी यावरून अख्खी शिवीगाळ होताना बघितलीये. मान वापरू नका, तोंडाने बोला. सांगितलेलं परत म्हणून दाखवा, "पाच-इंची पाइप, दहा जॉइंट, स्टारबोर्ड रॅक", तो हो म्हणाला की मग हला. पहिल्या आठवड्यात चार वेळा विचारलं तर जरा वैतागतील, चुकीचा पाइप उचलला तर जास्त वैतागतील. आणि रेडिओवर किंवा मिक्स क्रूमध्ये आपल्या भाषेत बोलू नका. तुम्ही घरचंच बोलत असाल पण तिसऱ्याला वाटतं त्याच्याबद्दल चाललंय, शिवाय धोक्याची गोष्ट त्याला कळत नाही ती वेगळीच.

पगाराचं पण सरळ सांगतो. एकाच रिगवर, एकाच कामाला, पासपोर्ट बघून वेगळा पगार आणि वेगळं रोटेशन असतं. तुमच्या शेजारचा अठ्ठावीस दिवस काम अठ्ठावीस सुट्टी करून तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त घेत असेल, आणि तुमच्या दुसऱ्या बाजूचा लोकल मुलगा तुमच्यापेक्षा कमी घेत असेल. मला हे अन्यायाचं वाटतं, आजही वाटतं. पण मेसच्या टेबलावर पगाराची तुलना सुरू झाली की क्रू फुटतो, हे मी तीन रिगवर बघितलं. बोलायचं ते कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होताना, लेखी बोला. लोकल मुलांशी तर फार जपून वागा. बऱ्याच देशांत स्थानिकांना घेण्याचे कायदे आहेत, नायजेरियाचा २०१० चा आहे, आणि तुम्ही ज्याला शिकवताय तोच उद्या तुमच्या जागी येणार हे दोघांनाही माहीत असतं. काही जुने एक्सपॅट (बाहेरच्या देशातून आलेले) म्हणून मुद्दाम शिकवत नाहीत, अर्धवट सांगतात. हे करू नका. अर्धवट शिकलेला माणूस तुमच्याच डोक्यावर पाइप फिरवणार आहे, आणि त्याचाच देश आहे, त्याने शिकावं हे बरोबरच आहे.

केबिनचं थोडक्यात. दिवसवाला आणि रात्रवाला एकाच केबिनमध्ये असतात. दुसरा झोपलाय तेव्हा आत जायचं नाही, लागणारं सगळं एका बॅगेत घेऊन शिफ्टला जायचं. झोपमोड झालेला माणूस बारा तास हेवी टूल्सजवळ उभा असतो, एवढं लक्षात ठेवा.

मॅनेजमेंटच्या बाजूने जे चुकतं तेही माहीत असू द्या, नाहीतर आपलंच काही चुकतंय असं वाटत राहतं. काही रिगवर प्रत्येकाने रोज एक सेफ्टी कार्ड भरायचं असा कोटा असतो, मग लोक रात्री अकराला "हँडरेल पकडलं नव्हतं" असली कार्डं बनवतात आणि खरी गोष्ट त्यात बुडते. तुम्ही आठवड्यात एक कार्ड भरा पण खरं भरा, त्यात नाव न लिहिता काम लिहा, म्हणजे "अमुक माणूस" नको, "अमुक जागी ग्रेटिंग सैल" असं. जिथे अपघात नसलेल्या दिवसांवर बोनस असतो तिथे बोट चेमटलं तरी लपव म्हणणारे भेटतात. लपवू नका. मेडिककडे जा, रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या, घरी गेल्यावर बोट सुजलं तर ती नोंदच तुमच्या कामाला येते. रिलिव्हर (तुमच्या जागी येणारा माणूस) आला नाही म्हणून जास्त दिवस थांबवलं तर किती दिवस, कुठल्या रेटने, हे ईमेलवर मागा, तोंडी घेऊ नका.

काम थांबवायचा अधिकार, स्टॉप वर्क, सगळीकडे पोस्टरवर असतो. डीपवॉटर होरायझनवरही होता. निगेटिव्ह टेस्टच्या (विहीर नीट बंद झाली का बघायच्या चाचणीच्या) वेळी किल लाइनवर (विहिरीला जोडलेल्या बाजूच्या नळीवर) प्रेशर शून्य आणि ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दिसत होतं, ही धोक्याची खूण होती, त्याला एक स्पष्टीकरण मिळालं आणि काम पुढे गेलं. तिथे अनुभवी माणसं होती. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला सगळ्यांसमोर काम थांबवणं जड जाणार हे मला माहीत आहे. म्हणून आरोप करू नका, प्रश्न विचारा. "हे चुकीचं आहे" पेक्षा "मला हे कळलं नाही, पुढे जायच्या आधी दाखवाल का" हे वाक्य बारा देशांच्या माणसांमध्ये चालतं. आणि लोड कुणाच्या डोक्यावर येत असेल तर वाक्यबिक्य नको, हात वर करून ओरडा, इमर्जन्सी स्टॉपचा इशारा कुणीही दिला तरी क्रेनवाला थांबतो.

वाद वाढला तर आधी त्या माणसाशी एकट्यात, कॉफी ब्रेकमध्ये, सगळ्यांसमोर कधीच नाही. नाही जमलं तर आपला सुपरवायझर, मग टूलपुशर, मग ओआयएम. साहेबच त्रास देत असेल तर त्याच्या वरचा, आणि कंपनीची तक्रार लाइन. हात मात्र उचलायचा नाही, कितीही शिव्या पडल्या तरी. सुरुवात कुणी केली हे नंतर बघतात, आधी दोघंही पुढच्या हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर. उत्तर समुद्रात एनआरबी म्हणतात, "परत नको", कारण सुद्धा सांगत नाहीत.

रिग जहाज म्हणून ज्या देशात नोंदलेली असते तो देश तिला मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ (जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार) लावत असेल तर रिगवर तक्रारीची लेखी पद्धत असावीच लागते, आणि तक्रार केली म्हणून त्रास देणं त्यात मना आहे. फ्लॅग, म्हणजे नोंदणीचा देश, कुठला हे ब्रिजवर किंवा रेडिओ रूममध्ये विचारा. नॉर्वेच्या हद्दीत क्रूचा निवडलेला सेफ्टी प्रतिनिधी, व्हर्नेओम्बुड, याला जीवाला तातडीचा धोका असलेलं काम थांबवायचा कायदेशीर हक्क आहे, ब्रिटनमध्येही पाइपर अल्फानंतर १९८९ पासून असे निवडलेले प्रतिनिधी आहेत. पहिल्या दोन दिवसांत त्याचं नाव आणि केबिन नंबर माहीत करून घ्या.

एक छोटी वही बरोबर न्या. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं, आपलं मत न लिहिता. तीच वही हँडओव्हरला पण वापरा, आणि हिच संपवून निघताना आपल्या बॅक-टू-बॅकला (आपल्या जागी येणाऱ्या माणसाला) नोट्स हेलिकॉप्टरच्या आदल्या रात्रीच पाठवा, त्याला वाचायला वेळ मिळतो आणि काही अडलं तर तुम्ही अजून रिगवरच असता.