निर्वासित कुटुंबाला हातभार लावायचा असेल तर

पहिल्या भेटीला जाताना काय न्यावं, असं नवे कार्यकर्ते विचारतात. एक जाड फाइल न्या. जुन्या कपड्यांची गाठोडी नकोत, ती कुणीतरी आणतंच.

पहिलं वर्ष बरंचसं कागदांत जातं. सगळ्यांची कागदपत्रं टेबलावर मांडून नावं आणि जन्मतारखा ताडून बघा. प्रवासाच्या कागदावर नावाचं जे स्पेलिंग आहे, तेच शाळेत, बँकेत, दवाखान्यात लावा; चुकीचं वाटलं तरी आपल्या मनाने सुधारायला जाऊ नका. काहींना एकच नाव असतं, मग आडनावाच्या रकान्यात जो तो कारकून मर्जीने काहीतरी भरतो. घरातल्या तिघाचौघांची जन्मतारीख १ जानेवारी दिसली तर दचकू नका. नेमकी तारीख कुणालाच ठाऊक नसली की नोंदणी करताना अंदाजे वर्ष आणि १ जानेवारी लिहून मोकळे होतात. दवाखान्यात यामुळे दोन भावांचे केसपेपर सहज अदलाबदल होतात, म्हणून खिडकीवर पूर्ण नाव वाचून घ्यायचं.

भाषा आधी मुलं उचलतात, म्हणून त्यांनाच दुभाषी करायचा मोह होतो. करू नका. मुलासमोर आई दुखणं अर्धं गिळते, आणि उरलेलं अर्धं त्या पोराने का वाहावं? दुभाषी मोठा माणूस हवा, फोनवरचाही चालतो. तो त्यांच्याच देशाचा असला तरी आधी कुटुंबाला विचारा. भांडणं सीमेवर थांबत नाहीत.

‘काय काय सोसलंत?’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. अधिकाऱ्यांपुढे ते सगळं अनेकदा सांगून झालेलं असतं. ‘तिकडे काय करत होतात?’ हे जरूर विचारा. मग कळतं की हे गृहस्थ लग्नांत वाजवायचे, त्या बाई भरतकामाचे नमुने स्वतः रेखायच्या. दिवसा कागद आणि रात्री हौशी नाटकमंडळाच्या तालमी, असं माझं आयुष्य गेलंय. ही दोन कामं इथे एकमेकांना भेटतात.

आता वाद्य शोधायचं. इथे दात्यांची घाई नडते. ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्या हाती गिटार देऊन भागत नाही. ऊदच्या पट्टीवर पडदे नसतात. गिटारचे पडदे ठरावीक अंतरावर बसवलेले, त्यामुळे अरबी मकामांतले (म्हणजे तिकडच्या रागांतले) मधले सूर त्यांतून निसटतात. ऊद मिळेपर्यंत व्हायोलिन बरं. तेही बिनपडद्याचं, आणि अरबी वाद्यवृंदात केव्हाच रुळलेलं. जागेसाठी फार हिंडू नका. तालमीची सभागृहं दुपारी बहुधा ओस असतात, किल्ली कुणाकडे असते तेवढं शोधा.

कार्यक्रम ठरला की मानधनाचं आधी बोला. ‘त्यांना व्यासपीठ मिळतंय ना’ म्हणणारे आयोजक ध्वनियंत्रणेवाल्याला बरोबर पैसे देतात! फक्त, आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर कमाईची परवानगी आहे का, सरकारी मदतीवर परिणाम होईल का, हे वकिलाला किंवा पुनर्वसन अधिकाऱ्याला विचारून घ्या. स्वतःची धून किंवा चित्र कुणी परस्पर वापरलं, तर १९५१च्या निर्वासितविषयक कराराचं चौदावं कलम दाखवा: करारातल्या देशात स्थायिक निर्वासिताला कलाकृतींबाबत तिथल्या नागरिकाइतकंच संरक्षण आहे. आयोजकांना हे बहुधा ठाऊक नसतं.

२० जूनच्या जागतिक निर्वासित दिनाला सगळीकडून बोलावणी येतात. जावं, पण मी आयोजकांकडून त्याच वेळी पुढच्या हंगामातली एखादी साधी, विनानिमित्त तारीख मागून घेते. फोटो आणि पूर्ण नाव छापण्याआधी प्रत्येकाची संमती घ्या, कारण मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याचा त्रास होऊ शकतो. पत्रकावर कलावंताला हवं ते नाव आणि पुढे वाद्य, एवढंच लिहा.