‘जग सोडलं’ म्हणताना या चुका टाळा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभं राहिलं की ‘मी जग सोडलं’ हे वाक्य ठरलेलं. काय काय सोडलं? दारू, गुटखा, जत्रेतला तमाशा. चांगलंच झालं. पण बांधावरचा हक्क सोडला किंवा कमिटीतली खुर्ची सोडली, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही. मंडळीचा हिशेब बरीच वर्षं माझ्याकडं आहे, त्यामुळं कोण किती सोडतो ते जरा जवळून दिसतं. माझंही दिसतं.

घर टाकलं म्हणजे देव धरला, असं समजणं

बायबलात लूक 14:26 मध्ये आईबाप, बायकोपोरं यांचा द्वेष करण्याची भाषा आहे. ते वाचून काही जण घरावर रुसतात. तीच शिकवण मत्तय 10:37 मध्ये आहे आणि तिथं शब्द आहे ‘माझ्यापेक्षा अधिक’. उत्पत्ती 29 उघडून बघा. याकोबाच्या दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलीवर त्याची प्रीती अधिक होती, असं एका ओवीत आहे आणि लगेच पुढच्या ओवीत लेआ ‘नावडती’ झाली आहे. मूळ इब्री शब्द द्वेषाचाच. कमी प्रीतीला तिथं द्वेष म्हणायची रीत होती. तेव्हा प्रश्न आधी कोण, नंतर कोण, एवढाच आहे.

आई खाटेवर तापानं फणफणलेली आणि मुलगा तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेला संभाजीनगरला, हे मी पाहिलंय. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूनं मार्क 7 मध्ये चांगलंच धरलंय. उपवास पुढच्या महिन्यातही करता येतो.

खरंच घर सुटतं तेव्हा कसं असतं, ते जालन्याच्या माणसाला नारायण शेषाद्रींवरून कळावं. ते ब्राह्मण घरातले; 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, ते ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन, कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पुढं त्याच्या शुद्धीसाठी, म्हणजे त्याला परत हिंदू धर्मात घेण्यासाठी, बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यावर मोठा वाद पेटला. असं घर तुटलेले नारायण शेषाद्री पुढं जालन्याकडं आले आणि त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ज्याचं घर गेलं त्यानं दुसऱ्यांना घरं दिली. प्रीती खरी असली की ती अशी कामाला लागते. नुसती सभेत रडत नाही.

दशांशाला बियाणं समजणं

दशांश म्हणजे कमाईतला देवाला द्यायचा दहावा हिस्सा. ‘दहा टाका, शंभर उगवतील’ असं सांगणारे वक्ते हल्ली मोबाइलवर पुष्कळ झालेत. मला ते पटत नाहीत. ईयोबाच्या पुस्तकात सैतानाचा पहिलाच टोमणा हा आहे, की ईयोब काय फुकट देवाचं भय धरतो? परत मिळावं म्हणून दिलेलं अर्पण त्या टोमण्याला खरं ठरवतं.

यावर एक साधा उपाय आहे. मोंढ्यात माल घातला की आडत्याची पट्टी हातात पडायच्या आधी द्यायचा आकडा ठरवा. पट्टी बघितली की हमाली, तोलाई, खतवाल्याची उधारी, पोराची फी, सगळं आधी वजा होतं आणि देवाच्या वाट्याला सुट्टे पैसे उरतात. हे मी हिशेबाच्या वहीतून सांगतोय.

पाऊस आणि प्रीती एकात मोजणं

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात ‘देवानं आपल्याला टाकलं’ असं म्हणणारे जसे होते, तसेच ‘आपलंच काही पाप असेल’ म्हणणारेही होते. बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात शेवटच्या अध्यायात अंजीर फुलत नाही, शेत पिकत नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि माणूस म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. मराठवाड्यात हा उतारा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पावसासाठी प्रार्थना जरूर करा, पण प्रीतीला पर्जन्यमापक लावू नका.

जाता जाता आणखी एक. कोयता घेऊन कारखान्याला गेलेली कुटुंबं चार महिने उपासनेत दिसत नाहीत, म्हणून त्यांना ‘जगात गेले’ म्हणू नका. ती उचल फेडायला गेलीत.

वचन उलटं वाचणं

ही चूक माझी. दादाची आणि माझी जमीन लागून आहे. नांगरताना बांध कोरला गेला आणि फूटभर पट्टी दादाकडं सरकली. लांबी दीडशे पावलं. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला तरी त्यात सोयाबीन होईल सात किलो. मी मोजणीचा अर्ज केला, फी भरली, बोलणं बंद केलं. आणि रविवारी अर्पणाची थैली माझ्याच हातात.

एका शनिवारी बायको म्हणाली, “अहो, मत्तय पाच-तेवीस जरा वाचून दाखवा.” मला पाठ होतं. वेदीपाशी आठवण झाली तर दान तिथंच ठेव, आधी भावाशी समेट कर. पण वाचताना अडखळलो. तिथं ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल’ असं नाहीच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, असं आहे. दोन वर्षं मी त्याच्या येण्याची वाट बघत बसलो होतो.

दिवेलागणीला गेलो. वहिनीनं चहा टाकला. दादा बाजेवर मोबाइल बघत बसलेला, मान वर नाही.

“दादा, मोजणीचा अर्ज मागं घेतो.”

“घे की. फूट माझाच आहे पण.”

मी चहा पीत राहिलो. तोंडावर आलेलं उत्तर चहाबरोबरच गिळलं. बऱ्याच वेळानं त्यानं मोबाइल खाली ठेवला.

“उद्या चर्चला जाताना मला घेऊन जा,” म्हणाला. “गाडी पंक्चर आहे.”