गाडीतला ॲम्प्लिफायर सारखा बंद पडतोय? आधी अर्थिंग बघा

ॲम्प बंद पडला की लोक तो काढून दुकानात नेतात. तिथे टेबलावर तो तासभर बिनतक्रार वाजतो, कारण बऱ्याचदा दोष गाडीतल्या वायरिंगचा असतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि तो नेमका कधी बंद पडतो ते बघा.

सुरू करताक्षणीच प्रोटेक्टचा लाल दिवा (दोष जाणवून ॲम्प स्वतःच बंद झाल्याची खूण) लागला, तर स्पीकरची वायर कुठेतरी शॉर्ट असण्याचा संशय घ्या. बेसच्या ठोक्याला बंद पडत असेल तर व्होल्टेज कोसळतंय. अर्धा तास वाजून बंद, थंड झाल्यावर पुन्हा चालू, म्हणजे उष्णता. खड्ड्यात गाडी आदळली की ॲम्पचा पॉवरचा दिवाच विझतो, तर जोड सैल.

आता मल्टिमीटर घ्या. साधा डिजिटल पुरतो. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग बेसचं गाणं मोठ्याने लावून ॲम्पच्या टर्मिनलवर मोजा. इथे आकडा ११च्या खाली जात असेल तर ॲम्प बंद पडू शकतो. त्याच वेळी बॅटरीवरही तेवढाच खाली जातोय? मग बॅटरी किंवा अल्टरनेटर तपासून घ्या. बॅटरी ठाम असेल तर मधली वायर दोषी.

कोणती, हेही कळतं. मीटरला लांब वायर जोडा. एक टोक ॲम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा, आणि गाणं चालू ठेवा. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग, म्हणजे ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली जागा, खराब आहे. पॉझिटिव्हचीही अशीच चाचणी करा, फक्त टोक बॉडीला लागू देऊ नका.

अर्थिंग सहसा रंगावरच स्क्रू मारून केलेलं असतं. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, रिंग टर्मिनल बोल्टने घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. कोकणच्या दमट हवेत ग्रीस विसरलात तर तिथेच गंज धरेल. सीटबेल्टचा बोल्ट मात्र या कामाला वापरू नका. अर्थची वायर शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत ठेवा आणि पॉझिटिव्हइतकीच जाड घ्या. जाड म्हणजे आतला तांब्याचा गाभा जाड! स्वस्त किटमध्ये बाहेरचं प्लास्टिकच जाड असतं आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तार ब्लेडने खरवडा, पांढरी दिसली तर समजा. ५०० वॅट खरोखर देणारा क्लास डी ॲम्प पूर्ण आवाजात ४५ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. त्याला ही वायर पुरत नाही.

इतकं करूनही लाल दिवा लागतोच? सगळ्या स्पीकर वायरी आणि आरसीए केबल (स्टिरिओतून ॲम्पला गाण्याचा सिग्नल आणणारी) काढा. फक्त पॉझिटिव्ह, अर्थ आणि रिमोट (स्टिरिओ लावला की ॲम्प चालू करणारी बारीक वायर) ठेवून चालू करा. दिवा शांत राहिला तर ॲम्प बहुधा ठीक आहे. ॲम्प बंद करून एकेक वायर परत जोडत जा आणि दरवेळी चालू करून बघा. जिच्यावर तो पडतो, तिचा माग काढा. दरवाज्याचा रबर आणि सीटची पट्टी या वायर कापणाऱ्या नेहमीच्या जागा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या जवळ दिसतो. शून्याजवळ दिसला तर आत किंवा वायरमध्ये शॉर्ट आहे.

दोन चार-ओहमचे सबवूफर पॅरलल जोडले की दोन ओहम होतात. ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच आउटपुट केलेल्या, ॲम्पला बऱ्याचदा किमान चार लागतात, तेव्हा त्यावर छापलेला आकडा वाचा. ॲम्पवरचा गेन स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतो, ते आवाजाचं बटण नाही, आवाज फाटेपर्यंत फिरवू नका. आणि विदर्भातल्या मे महिन्यात सामानाखाली दडपलेला ॲम्प तापणारच. चहूबाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवा.

जोड सैल वाटत असेल तर निळी किंवा निळी-पांढरी रिमोट वायर तपासा, १२ व्होल्ट सलग यायला हवेत. फ्यूजचा होल्डर वितळलेला असेल तर बदला, पण फ्यूज मूळ आकड्याचाच टाका. मोठा टाकला तर फ्यूज वाचेल आणि वायर पेटेल.

तीनच वायरींवर, आणि १३ व्होल्ट मिळत असूनही, लाल दिवा लागत असेल तरच ॲम्प दुरुस्तीला न्या. ही चाचणी केल्याचं कारागिराला सांगा, म्हणजे तो थेट आतली पॉवर सप्लाय आणि आउटपुट ट्रान्झिस्टर बघेल.