दारू सोडवण्यासाठी नेटवर शोधताय? या चुका टाळा

घरातल्या कुणाचं पिणं हाताबाहेर गेलं की बाहेर बोलायची चोरी. मग रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर शोध सुरू होतो. शोधण्यात गैर काही नाही. पण 'दारू कशी सोडवावी' असं टाकल्यावर सगळ्यात वर जे येतं, त्यात विकणारेच जास्त असतात.

'रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळा' म्हणणारी पावडर मुळीच मागवू नका. बऱ्याचदा त्यात काय आहे याचा पत्ताच लागत नाही. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साचतं; तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून डॉक्टर ती रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. आमटीत कालवून देणाऱ्या बायकोचा हेतू कितीही चांगला असला, तरी नवऱ्याला कल्पना नसते आणि तो संध्याकाळी नेहमीसारखा पिऊन येतो.

दुसरी चूक याहून साधी दिसते. 'निर्धार करा, आजपासून थेंब नाही' असे व्हिडिओ पाहून रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून ठेवतात. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात: अंगावर किडे चालताना दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही. अशा वेळी काही घरांत अजूनही अंगारा शोधतात! ही बाहेरची बाधा नाही. लगेच दवाखान्यात न्या.

अमेरिकेच्या 'नायडा' या सरकारी संस्थेची माहिती चांगली, पण तिथले मदतीचे नंबर आपल्या कामाचे नाहीत. इथे १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, तिथे मराठीतही बोलता येतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, सुरुवातीला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाचं बळ दिलं होतं.

व्यसनमुक्ती केंद्राची जाहिरात पाहून थेट पैसे भरू नका. मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. 'आम्ही येऊन उचलून नेतो' असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर माझ्या मते फोन तिथेच ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी नेटवर मिळते. आठ किंवा जास्त गुण आले की धोक्याची सूचना समजतात. पण ती नवऱ्याच्या वतीने बायको भरते आणि भांडणात पुरावा म्हणून पुढे करते. झालं, माणूस आणखी बिथरतो. ती पिणाऱ्यानेच भरायची आणि डॉक्टरांना दाखवायची.

आणि सगळा शोध त्याच्यासाठीच करू नका. घरच्यांसाठी अल-अनॉन या मदतगटाच्या सभा असतात, ऑनलाइनही. फी नाही. तो दारू सोडायला तयार नसला, तरी तुम्हाला जाता येतं.