जर्मनीतील पहिले आठवडे : मराठी कानाने जर्मन कशी शिकावी

जर्मनीत आल्यावर भाषेच्या वर्गाची चौकशी करण्याआधी एक काम हाती घ्यावे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला दाखला सोबत न्यावा लागतो. कार्यालयाची वेळ लगेच मिळेलच असे नाही, म्हणून घर ठरताच ती मागून ठेवावी. टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आपले आडनाव पहिल्याच दिवशी लावावे, कारण कर-क्रमांकासारखी महत्त्वाची पत्रे टपालाने येतात आणि नाव नसलेल्या पेटीत ती पडत नाहीत.

भाषेबाबत माझे आग्रहाचे सांगणे असे की, जर्मन इंग्रजीच्या आडवाटेने शिकू नये. ‘वाइल इश क्रांक बिन’ या शब्दांखाली ‘कारण मी आजारी आहे’ असे एकेक शब्द जुळवून लिहून पाहावे. क्रम तंतोतंत तोच निघतो. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते एवढे मात्र वेगळे लक्षात ठेवावे लागते. तीन लिंगांचीही आपल्याला धास्ती नको, कारण ‘ते मूल’ म्हणणाऱ्याला ‘डास किंड’ नपुंसकलिंगी असल्याचे नवल वाटत नाही. तरीही प्रत्येक शब्दाचे लिंग मराठीवरून ठरवता येत नाही (सूर्य तिथे स्त्रीलिंगी आहे), म्हणून नाम नेहमी ‘डेर, डी, डास’ यांपैकी आपल्या उपपदासहच वहीत उतरवावे. अनोळखी मोठ्या माणसाशी ‘झी’ वापरावे आणि ‘डू’वर येण्याचा पुढाकार त्याच्याकडे सोडावा; तुम्ही-तूचा हा संकोच आपल्या अंगवळणी पडलेलाच आहे.

सर्वाधिक सराव आकड्यांचा आणि वेळेचा करावा. पंचविसात जसा पाच आधी ऐकू येतो, तसाच ‘फ्युन्फउंडत्स्वान्त्सिश’मध्येही येतो, परंतु फोनवर ऐकताना हात घाईने आधी ५ लिहून मोकळा होतो, म्हणून पूर्ण आकडा ऐकून मगच लिहावा. ‘हाल्ब फीअर’ (शब्दशः ‘अर्धा चार’) म्हणजे साडेतीन. पहिल्या महिन्यात मी ते इंग्रजी सवयीने साडेचार समजलो आणि दवाखान्यात तासभर उशिरा पोहोचलो. तपासणीसाठी पुन्हा तीन आठवडे थांबावे लागले आणि त्या दिवशी फार खचल्यासारखे झाले. नंतर उमगले की, ‘पावणेचार’ म्हणताना आपणही अजून न वाजलेल्या तासाचेच नाव घेतो, आणि त्यानंतर ती चूक पुन्हा झाली नाही. तरीही सुरुवातीला वेळ ठरवताना ती ‘फ्युन्फत्सेन उअर ड्रायसिश’, म्हणजे १५:३०, अशी चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे आपण स्वतः उच्चारावी आणि पलीकडून ‘गेनाउ’, म्हणजे ‘बरोबर’, असे ऐकू येईपर्यंत फोन ठेवू नये.