संत पिरानचा झेंडा घरी शिवताना

५ मार्च हा संत पिरानचा दिवस. त्या दिवशी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलभर काळ्यावर पांढरा क्रूस असलेले झेंडे निघतात. पेरनपोर्थजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरून जुन्या प्रार्थनाघराकडे आणि दगडी क्रूसाकडे लोक हेच झेंडे खांद्यावर घेऊन चालत जातात. दुकानात मिळणारे स्वस्त झेंडे एका बाजूने छापलेले असतात, त्यामुळे मागून काळा रंग फिका दिसतो. तुकडे जोडून शिवलेला झेंडा दोन्ही बाजूंनी खरा काळा-पांढरा दिसतो आणि वाऱ्यातही जास्त टिकतो. शिलाई मशीन सरळ चालवता येत असेल तर एका दिवसात तो होतो.

पिरान हा कथिलाच्या खाणकामगारांचा संत. त्याच्या चुलीतला काळा दगड तापला आणि त्यातून पांढरे कथील क्रूसाच्या आकारात वाहून आले, अशी दंतकथा आहे. पांढरा क्रूस आणि काळी जमीन हे कॉर्नवॉलचे निशाण असल्याचा कॉर्नवॉलचा इतिहास लिहिणाऱ्या डेव्हिस गिल्बर्ट यांचा छापील उल्लेख १८३८ सालचा आहे. रंगांची अदलाबदल मात्र चालत नाही. पांढऱ्यावर काळा क्रूस घेतला तर तो फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा जुना झेंडा होतो. काळ्यावर पिवळा क्रूस वेल्सच्या संत डेव्हिडचा, आणि काळ्या काठाचा पांढरा क्रूस हिरव्यावर असेल तर तो शेजारच्या डेव्हनचा. म्हणून क्रूसासाठी मळकट किंवा मोतिया रंग घेऊ नका, स्वच्छ पांढराच घ्या.

माप आणि कापड

तयार झेंडा ९० सेंमी उंच आणि १५० सेंमी लांब धरू. क्रूसाच्या पट्टीची रुंदी १८ सेंमी, म्हणजे उंचीच्या पाचव्या हिश्शाइतकी. क्रूस बरोबर मध्यावर हवा. काठीकडे सरकला तर झेंडा डेन्मार्क-स्वीडनच्या घरातला वाटतो.

बाहेर फडकवायचा असेल तर दर चौरस मीटरला साधारण १५५ ग्रॅम वजनाचे विणलेले पॉलिएस्टर घ्या. सुती कापड शिवायला सोपे, पण पावसात जड होऊन लोंबते आणि काळा रंग उतरला तर पांढऱ्याची वाट लागते. कापण्याआधी काळ्याचा एक तुकडा ओला करा, पांढऱ्या कापडात दाबा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. पांढऱ्यावर करडा डाग आला तर ते कापड या कामाचे नाही.

१५० सेंमी पन्ह्याचे काळे दीड मीटर आणि पांढरे १६० सेंमी पुरते. पुढची मापे शिवणीचा वाव (शिवणीत आणि दुमडीत जाणारे जादा कापड) धरूनच दिली आहेत: आतल्या प्रत्येक शिवणीला दीड सेंमी, वर-खाली ३, फडकत्या टोकाला साडेचार, काठीकडे दीड.

काठीकडचे दोन काळे तुकडे ६९ × ४०.५ सेंमी. फडकत्या टोकाकडचे दोन काळे ७२ × ४०.५. आडवी पांढरी पट्टी एक, १५६ × २१. उभ्या पट्टीचे दोन पांढरे तुकडे २१ × ४०.५. प्रत्येक तुकड्यात झेंड्याच्या लांबीची बाजू (आधी दिलेले माप) कापडाच्या काठाला समांतर ठेवा. एक तुकडा काठाला समांतर आणि दुसरा आडवा कापला, तर ओले होऊन वाळल्यावर दोन्ही वेगवेगळे ताणतात आणि शिवणीवर चुण्या पडतात. त्या पुन्हा जात नाहीत. काळे तुकडे कापल्याबरोबर कोणता काठीकडचा ते खडूने लिहून ठेवा.

जोडणी

आधी वरची आडवी रांग: काळा, पांढरा, काळा. मग तशीच खालची. नंतर दोन रांगांच्या मध्ये लांब पांढरी पट्टी. सुई १४ नंबरची, टाका अडीच ते ३ मिमी, धागा पॉलिएस्टरचा.

शिवण जीनच्या पायाला असते तशी चापट, दुहेरी हवी, आणि ती नेहमी काळ्याच्या बाजूला वळवायची. पांढऱ्याखाली काळी कड राहिली तर उन्हात क्रूसाच्या कडेला करडी सावली दिसते. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून दीड सेंमीवर पहिली शिवण घाला. मग फक्त काळ्याचा वाव ६ मिमीपर्यंत छाटा, पांढरा वाव त्याच्यावरून दुमडून काळ्यावर झोपवा, इस्त्री करा आणि दुमडीच्या कडेने उलट्या बाजूकडून दुसरी शिवण घाला. हिच्यासाठी वरचा धागा पांढरा आणि बॉबिनमध्ये काळा ठेवा, म्हणजे पुढे काळ्यावर काळा टाका येतो आणि मागे पांढऱ्यावर पांढरा. पुढच्या बाजूला पांढरे ठिपके उमटले तर वरच्या धाग्याचा ताण कमी आहे. तो थोडा घट्ट करा आणि आधी चिंधीवर पाहा.

या पद्धतीत मागच्या बाजूने क्रूस दोन्ही कडांनी साधारण ८ मिमी जास्त रुंद दिसतो. काठीच्या उंचीवर ते कळत नाही. एखादी शिवण चुकून पांढऱ्याकडे वळवली तर मात्र दोन पट्ट्यांच्या रुंदीतला फरक लगेच डोळ्यात भरतो.

खरी परीक्षा क्रूसाच्या चार आतल्या कोपऱ्यांवर. वरची आणि खालची उभी पट्टी एका रेषेत आली नाही तर झेंडा कायमचा वाकडा दिसतो, आणि अर्धा सेंमीचा फरकही लांबून ओळखू येतो. लांब पट्टीवर काठीकडच्या कापलेल्या टोकापासून साडेशहात्तर सेंमीवर झेंड्याचा मध्य धरा (फडकत्या टोकाचा वाव मोठा असल्याने तो पट्टीच्या बरोबर मध्यावर येत नाही), त्याच्या दोन्ही बाजूंना ९-९ सेंमीवर खुणा करा, उभ्या शिवणी त्या खुणांवर टाचून घ्या आणि मगच बाकीच्या टाचण्या लावा. टोकाकडून टाचत आलात तर सगळी चूक मध्यभागी जमा होते. इथेही छाटायचा वाव रांगेचा, दुमडायचा पट्टीचा. कोपऱ्यावर कापडाचे बरेच थर येतात, तिथे सुई हाताने चाक फिरवून पुढे न्या. उभी पट्टी ओलांडताना पांढऱ्यावर पांढरेच येते, म्हणून दुसरी शिवण त्या १८ सेंमीपुरती थांबवून बॉबिनही पांढरी लावा. कंटाळा येतो, पण नाही केले तर क्रूसाच्या मधोमध काळी टाक्यांची रेघ राहते.

कडा आणि काठी

वरची आणि खालची कड दीड-दीड सेंमीने दोनदा दुमडा. फडकते टोक तीनदा दुमडा आणि त्यावर किमान ३ ओळी शिलाई घाला. वारा झेंडा तिथूनच खातो. दोन्ही कोपऱ्यांवर उलटसुलट टाके मारून पक्के करा.

खांबावर चढवायचा असेल तर काठीकडे जाड कॅनव्हासची पट्टी लावा आणि तिच्यातून दोरी ओवा. ब्रिटनमध्ये दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी खुंटी आणि खालच्या टोकाला फास असतो. दोरी पट्टीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी शिवून टाका, नाहीतर झेंडा तिच्यावरून घसरून गोळा होतो.

मिरवणुकीसाठी नेफा सोयीचा. अडीच सेंमी जाडीच्या काठीला १४ सेंमी रुंद काळी पट्टी घ्या. दीड-दीड सेंमी वाव गेल्यावर ११ सेंमीचा घेर उरतो. नेफ्याचे वरचे तोंड शिवून बंद करा आणि खाली दोन नाड्या लावून त्या काठीला बांधा. समुद्राकडून वारा आला की नाड्यांशिवायचा झेंडा काठीभोवती गुंडाळतो.

पंधरा सोनेरी गोल असलेले काळे निशाणही कॉर्नवॉलमध्ये दिसते. ते ड्यूक ऑफ कॉर्नवॉलच्या ढालीवरचे चिन्ह. लोकांचा झेंडा म्हणजे पिरानचाच. मंडळाच्या फलकावर ते गोल घ्यायचे असतील तर वरून ५, ४, ३, २, १ असे लावा. गोल ८ सेंमीचा, दोन मध्यबिंदूंत ११ सेंमी अंतर, आणि प्रत्येक रांग साडेपाच सेंमी आत. पताकांच्या माळेत मात्र काळा, पांढरा आणि सोनेरी तिन्ही रंग खुशाल मिसळा.

झेंडा ओला असताना घडी करून ठेवू नका, काळ्याचा रंग दाबाखाली पांढऱ्यात उतरतो. वादळाचा इशारा असेल तर तो उतरवून घ्या. फडकते टोक उसवू लागले की लगेच २-३ सेंमी कापून नवी दुमड घाला. अशी दुरुस्ती दोनदा निभते. तिसऱ्या वेळी त्या बाजूचे काळे चौकोन आखूड दिसू लागतात, तेव्हा ते दोन तुकडे आणि आडवी पट्टी उसवून नवी बसवा.